मंजुरीपत्र, नोंदणी शुल्क आणि मुलांची खरी कमाई

गेल्या पंधरवड्यात शेजारच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील, म्हणजे एका चर्चच्या परिसरातील) स्काउट-गाइड समितीच्या खजिनदारांनी मला एक पत्र दाखवले. वर एका मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह, जावक क्रमांक, खाली गोल शिक्का, मधोमध 'सीएसआर निधीतून रु. ५,००,००० मंजूर' हे वाक्य (सीएसआर निधी म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी खर्च करायचा पैसा) आणि शेवटी ११,८०० रुपये नोंदणी शुल्क भरण्याची सूचना होती. मला ते पूर्ण वाचावे लागले नाही, कारण हेच पत्र फेब्रुवारी २०२५ मध्ये मला आले होते आणि मी ते शुल्क भरले होते. त्यांनी अजून भरलेले नव्हते. म्हणून हा अनुभव लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

वसई तालुक्यातील आमच्या धर्मग्रामाच्या स्काउट-गाइड पथकात ४० मुले-मुली आहेत आणि त्याचा हिशेब मी ठेवतो. मे महिन्याच्या सुटीत त्यांना पचमढीला सात दिवसांच्या शिबिरासाठी न्यायचे ठरले होते. पिपरियापर्यंत रेल्वे, पुढे घाटातून बस, निवास, भोजन, शिबिर शुल्क, प्रथमोपचार आणि अडीअडचणीसाठी राखीव रक्कम धरून मुले व सहा मोठी माणसे यांचा एकूण खर्च मी ३,६८,००० रुपये काढला होता. पालकांकडून प्रत्येकी ३,००० प्रमाणे १,२०,००० आणि चर्चकडून ५०,००० रुपये मिळणार होते. मुलांनी 'खरी कमाई'तून ६४,२०० रुपये जमवले होते. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या, चार आठवड्यांत त्यांनी नाताळचे कंदील करून विकले, लोकांच्या गाड्या धुतल्या, रविवारच्या मिस्सेनंतर सुकेळीचा (सुकवलेल्या केळ्यांचा) स्टॉल लावला आणि दर आठवड्याला चिल्लर मोजून टोळीवार, म्हणजे पथकातील लहान गटांप्रमाणे, वहीत लिहिली. एवढे करूनही १,३३,८०० रुपयांची तूट राहत होती.

ही तूट भरून काढण्यासाठी आम्ही काढलेले आवाहन व्हॉट्सॲपवर फिरले आणि चार दिवसांनी मला एका गृहस्थांचा फोन आला. ते सीएसआर सल्लागार असल्याचे सांगत होते. त्यांचे बोलणे अत्यंत अदबीचे होते, मला ते 'सर' म्हणत आणि फादरांची आवर्जून चौकशी करत. एका कंपनीचा निधी ३१ मार्चपूर्वी खर्च व्हायला हवा, तुमचे अंदाजपत्रक मात्र फार लहान आहे, ते पाच लाखांचे करून पाठवा, असे त्यांनी सुचवले. मी त्याच रात्री बसून नवे तंबू, दोन गणवेश, बिगुल आणि ढोल यांची भर घातली आणि बेरीज पाच लाखांवर नेली. शिवाय जमेच्या बाजूला 'सीएसआर अनुदान ५,००,०००' असे शाईने लिहून टाकले. न आलेला पैसा मी आलेल्या पैशांत धरला. त्या क्षणापासून मी समितीच्या पैशांचा राखणदार उरलो नाही. त्या आकड्याचा राखणदार झालो. पुढे जे जे खटकले, त्याचा खुलासा मी स्वतःच शोधून देत गेलो.

पहिली मागणी नोंदणी शुल्काची होती, १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. दुसरी करारनाम्याच्या कायदेशीर तपासणीची, १७,७०० रुपये. बिलावर जीएसटी आकारला होता, पण जीएसटी क्रमांक कोठेच नव्हता, आणि इतकी वर्षे हिशेब ठेवणाऱ्या माझ्या ते लक्षात यायला हवे होते. तिसरी मागणी पाच टक्के सुरक्षा ठेवीची, २५,००० रुपये, अनुदानाबरोबर परत मिळणारी. त्या वेळी क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कंपनीचे नव्हे तर एका खासगी व्यक्तीचे नाव आले. मी थांबलो, फोन केला, 'आमच्या लेखापालांचे खाते आहे सर' असे उत्तर मिळाले, आणि मी पिन टाकला.

हे पैसे समितीच्या खात्यातून गेलेच नाहीत, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. त्या खात्यावर फादरांची आणि माझी अशा दोन सह्या लागतात, व्यवहार धनादेशानेच होतो. सोयीसाठी म्हणून मी खरी कमाईची रक्कम माझ्या बचत खात्यात ठेवली होती. दुसऱ्या सहीसाठी मला एकदा जरी फादरांकडे जावे लागले असते, तरी त्यांनी विचारलेच असते की देणगी देणारा आपल्याकडून पैसे का मागतो आहे.

चौथी मागणी आली तेव्हा कोठे माझे डोळे उघडले. पाच लाखांवरील दहा टक्के टीडीएस म्हणून ५०,००० रुपये आधी भरा, असे सांगण्यात आले. टीडीएस हा कर पैसे देणारा देय रकमेतून कापून सरकारकडे भरतो. घेणाऱ्याकडून तो आगाऊ मागवला जात नाही. मी कंपनीच्या वार्षिक अहवालातून कार्यालयाचा क्रमांक शोधून फोन केला. अशी कोणतीही मंजुरी त्यांनी दिलेली नव्हती.

जो नियम मी नंतर वाचला तो आधी वाचला असता, तर पहिल्या फोनलाच मला उत्तर देता आले असते. कंपनी कायदा, २०१३ च्या सीएसआर खर्चाविषयीच्या कलम १३५ खाली येणारी कंपनी जेव्हा आपला निधी एखाद्या संस्थेमार्फत खर्च करते, तेव्हा ती संस्था न्यास असल्यास तो नोंदणीकृत हवा, त्याच्याकडे आयकर सवलतीची नोंदणी (त्या वेळी कलम १२अ व ८०जी खालील) हवी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा नोंदणीचा अर्ज भरून मिळालेला क्रमांकही हवा. आमची समिती ही स्वतंत्र नोंदणी नसलेली मंडळी आहे. मी हे त्या गृहस्थांना सांगितलेही होते आणि 'ते आम्ही बघून घेतो' हे त्यांचे उत्तर मला दिलासा वाटले होते.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी पहिला फोन केला तो शेवटची रक्कम गेल्यानंतर चौथ्या दिवशी. तोवर पैसे पुढच्या खात्यांत वळवले गेले होते. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते, आणि मी ते चार दिवस घरी कसे सांगावे या विचारात घालवले. पिन मी स्वतः टाकलेला असल्यामुळे बँकेकडे अनधिकृत व्यवहार म्हणून दाद मागण्यासही जागा नव्हती.

एकूण ५४,५०० रुपये गेले. खरी कमाईतले ९,७०० उरले. पॅरिश कौन्सिलपुढे सांगणे अवघड होते, परंतु मुलांपुढे सांगणे त्याहून कठीण गेले. काटकसर हा स्काउटच्या नियमांपैकी एक नियम आहे आणि तो मीच त्यांना शिकवत आलो होतो. एका टोळीची नायिका, इयत्ता आठवीतली मुलगी, शांतपणे एवढेच म्हणाली, "सर, आमच्या कंदिलांचे पैसे त्यातच होते का?" मी हो म्हणालो. तिने वही मिटली.

पचमढीचा बेत रद्द झाला, पालकांची वर्गणी परत केली आणि मेमध्ये शाळेच्या मैदानावर तीन दिवसांचे शिबिर झाले. गेलेल्या रकमेपैकी ३०,००० मी समितीच्या खात्यात भरले आहेत. उरलेले २४,५०० दरमहा ३,५०० प्रमाणे सात महिन्यांत भरीन, असे कौन्सिलला लिहून दिले आहे. मिळालेल्या पत्रांतील अनुदान आता वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले जाते आणि बँकेच्या पासबुकात नोंद झाल्याशिवाय जमेकडे जात नाही.

शेजारच्या खजिनदारांच्या पत्राची प्रत आम्ही माझ्या तक्रारीला जोडली आहे. त्यावरील मोबाइल क्रमांक वेगळा आहे. मजकूर आणि ११,८०० हा आकडा तोच आहे.