कराटे की किकबॉक्सिंग? आधी फाऊल कशाला देतात ते बघा

क्लास निवडताना लोक फी बघतात, बेल्ट बघतात, पण मॅचमध्ये फाऊल कशाला देतात हे कोणीच विचारत नाही, आणि खरा फरक तर तिथेच आहे.

टोकियो ऑलिम्पिकची कराटे फायनल घ्या, 2021 ची, 75 किलोच्या वरचा गट. सौदीचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता, त्याने हाय किक घातली आणि इराणचा सज्जाद गंजजादे जो आडवा झाला तो स्ट्रेचरवरूनच बाहेर गेला, पण गोल्ड त्यालाच मिळालं! कारण डब्ल्यूकेएफच्या, म्हणजे कराटेच्या जागतिक संघटनेच्या, नियमात डोक्याला किक चालते, चांगली बसली तर तीन पॉइंट पण मिळतात, फक्त कंट्रोल सुटला की गेलात. साध्या चुकांना तीनदा चुई म्हणजे वॉर्निंग, मग हान्सोकू चुई म्हणजे शेवटची वॉर्निंग, मग हान्सोकू म्हणजे मॅच हातची गेली, आणि प्रकार गंभीर असेल तर रेफ्री मधल्या पायऱ्या गाळतो, हमेदीला तसंच थेट बाहेर काढलं. कोपर, गुडघा, उघड्या हाताने चेहऱ्यावर मारणं हे बंदच. आणि लागल्याचं नाटक केलं तरी वॉर्निंग मिळते बरं का, फुटबॉलवाल्यांनी शिकावं.

रिंगमधल्या किकबॉक्सिंगला हीच किक बसली असती तर सरळ नॉकआऊट, जिंकला. तिथे जोरात मारलं म्हणून कोणी काही बोलत नाही, कुठे आणि कधी मारलं ते बघतात. कोपर नाही, डोक्याच्या मागे नाही, ग्रोइनला म्हणजे जांघेत नाही, पडलेल्याला तर अजिबात नाही. के-वन या मोठ्या किकबॉक्सिंग स्पर्धेच्या 2008 च्या फायनलला बद्र हारीने खाली पडलेल्या रेमी बोन्यास्कीला ठोसे मारले, वर पायाने तुडवलं, डिसक्वालिफाय झाला आणि टायटल बोन्यास्कीला गेलं. एरवी वॉर्निंग, मग पॉइंट कट, मग बाहेर. त्यातही फुल कॉन्टॅक्ट प्रकारात मांडीवर किक फाऊल, लो किक प्रकारात तीच चालते, के-वनच्या नियमांत गुडघा पण चालतो.

माझं मत विचाराल तर लहान पोरांना कराटेच, हात आवरायला शिकतात. मोठ्यांना मार देण्या-घेण्याची हौस असेल तर किकबॉक्सिंग. पण नुसत्या नावावर जाऊ नका, किकबॉक्सिंगच्याच पॉइंट फायटिंग या प्रकारात जोरात मारलं तर फाऊल, आणि कराटेच्याच क्योकुशिन प्रकारात अंगावर फुल पॉवर ठोसे चालतात, फक्त चेहऱ्यावर हाताने नाही. आपल्याकडे बऱ्याच क्लासच्या बोर्डांवर तर दोन्ही नावं लिहिलेली असतात, तेव्हा स्पर्धेला कुठल्या नियमाने उतरवतात ते सरांना विचारूनच फी भरा.