एकत्र घर की वेगळी चूल?

आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाकडं "भाऊ वेगळे झाले" म्हटलं की अजून लोकांचा आवाज खाली येतो, आणि शहरात टिळकवाडीतला चौघांचा फ्लॅट बघून तेच लोक "किती सुटसुटीत" म्हणतात.

एकत्र घराचं बळ सुगीत कळतं, भात कापणी नि मळणी एकदमच येते, मजूर मिळत नाहीत, घरची दहा माणसं असली की निभतं. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिघी सुना आळीपाळीनं रात्री जागल्या, उद्यमबागच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या नवरा-बायकोला हे कसं जमणार सांगा? पाळणाघर नाहीतर शेजारी.

पण त्याच तिघींतल्या माझ्या काकूला पोराच्या वहीला दहा रुपये हवे असले तरी सासूपुढं उभं राहावं लागायचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०२३ ला कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना आली, महिन्याला २००० रुपये, पण रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईलाच, म्हणजे एक कार्ड असलं की बहुतेक सासूला. मग वेगळ्या कार्डाची गोष्ट काढणारी सून लगेच घर फोडणारी ठरते, मला हे अजिबात पटत नाही. बहिणीचंही तेच, कर्नाटकात १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा आहे, तरी मागितला की माहेर तुटतं.

मला विचाराल तर वेगळी चूलच बरी, पण जवळजवळ. आमच्यात आता अंगण एक, चुली दोन, आणि काकूची शेंगा चटणी अजून वाटीतनं आमच्याकडं येते.