आकड्यांच्या खेळात मारिओची उडी: ‘सुपर मारिओ आरपीजी’, स्विच आवृत्ती

प्लॅटफॉर्म गेममध्ये सगळी मदार खेळणाऱ्याच्या अंगठ्यावर असते. कडेच्या किती जवळ जाऊन बटण दाबलं आणि किती वेळ दाबून धरलं, यावर मारिओ पलीकडे पोहोचतो किंवा खड्ड्यात जातो. आरपीजीत, म्हणजे रोल-प्लेइंग गेममध्ये, निकाल लावतात ते पात्राचे आकडे: ताकद किती, बचाव किती, लेव्हल कितवी. त्यामुळे जुन्या प्लॅटफॉर्म मालिकेची आरपीजी करायची म्हटलं की मोठा धोका असतो. नाव, टोपी, मिशा सगळं तसंच राहतं आणि अंगठ्याला कामच उरत नाही. स्क्वेअर कंपनीने १९९६ साली निन्टेन्डोसाठी केलेला ‘सुपर मारिओ आरपीजी’ या धोक्यातून कसा वाचला, हे पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्टेपियाझा कंपनीने निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रासाठी केलेली त्याची नवी आवृत्ती घ्यावी का, याचं उत्तरही तिथेच सापडतं.

मूळ गेम मार्च १९९६ मध्ये जपानमध्ये आणि मे महिन्यात अमेरिकेत आला. सुपर निन्टेन्डो या गेम-यंत्राचे ते शेवटचे दिवस होते. यंत्राचा स्वतःचा प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झचा, म्हणून या कार्ट्रिजमध्ये १०.७४ मेगाहर्ट्झची एसए-१ ही जादा चिप बसवली होती. चित्रं आधी मोठ्या संगणकावर त्रिमितीत रेंडर करून मग स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलणारी सपाट चित्रं, म्हणून वापरलेली, कॅमेरा वरून तिरका. युरोपात हा गेम तेव्हा निघालाच नाही, तिथे तो २००८ साली निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्रावर पोहोचला. आपल्याकडे मारिओ घरोघरी आला तो आठ-बिटच्या नकली यंत्रांतून आणि ‘९९९९ इन १’ कार्ट्रिजांतून. मूळ सुपर निन्टेन्डो फारच थोड्या घरांत होता. म्हणून मराठी खेळाडूंच्या एका अख्ख्या पिढीला मारिओची उडी तोंडपाठ आहे, पण हा गेम मात्र अनोळखी.

आता लढाई. आरपीजीत नेहमी दिसणारी आदेशांची उभी यादी इथे नाही. चार आदेश कंट्रोलरच्या चार बटणांवर बसवलेत: ए म्हणजे हल्ला, वाय म्हणजे खास चाल, एक्स म्हणजे वस्तू, बी म्हणजे बचाव किंवा पळ. ए दाबून हल्ला निवडायचा, पुन्हा ए दाबून शत्रू निवडायचा आणि मारिओचा ठोसा लागायच्या क्षणी तिसऱ्यांदा ए दाबायचा. तो तिसरा ए म्हणजेच या गेममधली उडी. वेळ अचूक साधली तर घाव मोठा बसतो, चुकली तर साधा. प्रत्येक शस्त्राची लय वेगळी असते. ठोशाला हात पोहोचण्याच्या किंचित आधी दाबावं लागतं, तर कासवाचं कवच लाथेने मारताना दाबायची वेळ निराळी असते. नवीन शस्त्र घेतलं की पहिल्या दोन-तीन लढायांत वेळ चुकणारच. म्हणून ते बॉसच्या, म्हणजे टप्प्यातल्या मोठ्या शत्रूच्या, दारात चढवू नका, आधी साध्या शत्रूंवर हात बसवून घ्या.

खास चालींतही अंगठ्याची कामं निरनिराळी. अग्निगोळ्यांना बटण भराभर दाबत राहायचं. साथीदार जीनोच्या किरणाला बटण धरून ठेवायचं, तारे एकेक पेटतात, तिसरा पेटला की सोडायचं. जरा जास्त धरलं की फुकट. ‘जीनो बूस्ट’ साध्या वापरात साथीदाराचा हल्ला वाढवतो, वेळ साधली तर बचावही वाढवतो. सगळ्यात मोठी परीक्षा ‘सुपर जंप’ची. शत्रूच्या डोक्यावर पाय टेकायच्या क्षणी बटण दाबलं की मारिओ पुन्हा उसळतो, मग पुन्हा, चुकेपर्यंत. सलग ३० उड्या झाल्या की मॉन्स्ट्रो टाउन या गावात ‘अटॅक स्कार्फ’ मिळतो, १०० झाल्या की ‘सुपर सूट’. तीस जमतात. शंभरासाठी खूप जीव असलेला आणि फार न हलणारा शत्रू शोधा, पडद्याकडे कमी आणि आवाजाकडे जास्त लक्ष द्या. पाय टेकल्याचा आवाज ठरावीक तालात येतो आणि हात त्या तालावर जास्त भरवशाने चालतो.

बचावाचंही तेच. शत्रूचा शारीरिक वार लागायच्या क्षणी बटण बरोबर दाबलं तर इजा शून्य, थोडं मागेपुढे झालं तर निम्मी. त्यामुळे शत्रूची पाळी आली तरी खेळणारा रिकामा बसत नाही. ज्या आरपीजीत शत्रू मारत असताना फक्त बघत राहावं लागतं, त्यांच्यात आणि या गेममध्ये खरा फरक पडतो तो इथे.

आकडेही मुद्दाम लहान ठेवलेत. मारिओ २० एचपीवर, म्हणजे जीवाच्या २० गुणांवर, सुरू होतो, लेव्हलची कमाल मर्यादा ३०. जादूसाठी लागणारे फुलांचे गुण, म्हणजे एफपी, सगळ्या पार्टीला, म्हणजे आपल्या गटाला, मिळून एकच साठा, जास्तीत जास्त ९९. हा निर्णय मला फार आवडतो. साथीदार मॅलोने वीज पाडली की राजकन्या पीचच्या उपचारासाठी तेवढे गुण कमी उरतात, म्हणजे प्रत्येक चालीआधी अख्ख्या गटाचा विचार करावा लागतो. प्रत्येक लेव्हलला जीव, शारीरिक बळ किंवा जादू यांतला एक बोनस निवडायचा असतो. तिन्हींचे आकडे समोर दिसतात आणि त्यांतला एक त्या वेळी मोठा असतो. मारिओ आणि पार्टीत येणारा त्याचा जुना शत्रू बाउझर यांना बळ, मॅलो आणि पीचला जादू, हा ढोबळ नियम पुरतो. पीचचा उपचार तिच्या जादूच्या आकड्यावर चालतो, म्हणून तिला बळ देणं वाया जातं. लढाईबाहेर बसलेल्यांनाही अनुभवगुण मिळतात, तेव्हा पार्टी मोकळेपणाने बदलत राहा.

नकाशावर मारिओ मारिओच राहतो, कुठेही उडी मारता येते. शत्रू समोर दिसतात, त्यांना चुकवता येतं. अधूनमधून तारा मिळाला की धावत जाऊन भिडायचं, शत्रू लढाईशिवाय उडतात आणि अनुभवगुण खात्यात जमा होतात. हवेत न दिसणारे खोके लपवलेत, डोकं आपटल्यावरच उघड होतात. जिथे कोपरा उगाच रिकामा वाटेल तिथे उड्या मारून बघाव्यात.

एक अडचण मात्र १९९६ पासून तशीच आहे. तिरक्या कॅमेऱ्यात खोली कळत नाही. समोरची फळी जवळ आहे की उंच, हे डोळ्याला ठरवता येत नाही आणि पाय हवेत पडतो. उपाय एकच, मारिओकडे न बघता त्याच्या सावलीकडे बघायचं. लँड्स एंडच्या कड्यावर उडत्या कासवांच्या पाठीवरून वर चढायची शर्यत आहे. ठरावीक वेळेच्या आत वर पोहोचलात तर ‘ट्रूपा पिन’ मिळते. तिथे सावलीही फारशी मदत करत नाही, प्रत्येक कासवाची जागा पाठच करावी लागते. नव्या आवृत्तीत अ‍ॅनालॉग स्टिकमुळे चालणं सोपं झालंय, पण तिरक्या रेषेतल्या उड्यांना जुनं दिशाबटणच जास्त नेमकं पडतं.

आर्टेपियाझाने पात्रांची ठेंगणी, गुबगुबीत ठेवण जशीच्या तशी ठेवली, हे उत्तम केलं. न बोलता मारिओ घडलेली गोष्ट अभिनयाने सांगतो, क्षणात बाउझर होतो, क्षणात पीच, ते प्रसंग आता जास्त खुलतात. योको शिमोमुरा यांनी आपल्या संगीताची नवी बांधणी स्वतः केली आहे, आणि मेनूतून जुनं संगीतही लावता येतं. जंगलाच्या टप्प्यात दोन्ही ऐकून बघा. जुन्या चिपवरच्या त्या धुनेचा ठसका मला अजून जास्त आवडतो.

बदलांपैकी काही चांगले आहेत. योग्य क्षण दाखवणारं उद्गारचिन्ह नवख्याला शिकवतं, नीट जमू लागलं की आपोआप दिसेनासं होतं आणि चुकू लागलं की परत येतं. लढाईच्या मधेच साथीदार बदलता येतो. पिशवीत न मावणारी वस्तू मारिओच्या घरच्या पेटीत जाते. शत्रूंची नोंदवहीही आहे.

खरा घोळ तीन गोष्टींनी झालाय. अचूक वेळेच्या हल्ल्याचा धक्का आता बाकी सगळ्या शत्रूंनाही बसतो. सलग अचूक वेळा साधल्या की साखळी वाढते आणि पार्टीला बळ मिळतं. शिवाय प्रत्येक अचूक दाबणीने एक गेज (मापक) भरतो, १०० टक्के झाला की तिघांची मिळून ‘ट्रिपल मूव्ह’ सुटते. एकेक कल्पना छान आहे. पण शत्रूंची ताकद त्या प्रमाणात वाढवलेली नाही, म्हणून ज्याचा अंगठा तयार आहे त्याच्यासमोर मधल्या टप्प्यातले बॉस दोन-तीन पाळ्यांत आडवे होतात. बाण मारणारा बॉस बॉयर तुमची बटणंच बंद करतो, हल्ला किंवा जादू काही काळ वापरता येत नाही. कंट्रोलरवरच हल्ला करणारी ही कल्पना केवढी सुंदर! आता मात्र तिचा चटका बसण्याआधीच लढाई संपते.

यावर तोडगा खेळणाऱ्याच्या हातात आहे. ‘ब्रीझी’ ही सोपी पद्धत लहान मुलांसाठी ठेवा, ती केव्हाही चालू-बंद करता येते. स्वतः खेळताना निदान पीच पार्टीत येईपर्यंत ट्रिपल मूव्ह वापरू नका. तारा मिळाला तरी लेव्हल वाढवत बसू नका. आणि ‘लेझी शेल’ चिलखत पहिल्या खेपेला टाळा. मेगास्मायलॅक्स या बॉसला हरवल्यावर मिळणारं बी आणि निंबस लँडमधलं खत रोझ टाउनच्या माळ्याला दिलं की ते मिळतं. त्याने शारीरिक आणि जादूविरुद्धचा असे दोन्ही बचाव १२७ ने वाढतात, हल्ला, जादू आणि वेग ५० ने घटतात. पीचला ते घातलं की ती जवळजवळ मरतच नाही आणि पार्टीला उठवत राहते, मग शेवटच्या लढाईतली धाकधूकच जाते.

अवघड लढाया मात्र आहेत, त्यासाठी थोडं फिरावं लागतं. मोलव्हिल गावात ५०० नाण्यांना फटाके विकत घ्या, तिथल्याच मुलीला ते देऊन चमकता दगड घ्या आणि मॉन्स्ट्रो टाउनमधलं बंद दार उघडा. आत क्युलेक्स हा लपवलेला बॉस आहे, मुळात ४०९६ एचपीचा, चार स्फटिकांसह, आणि संगीत ‘फायनल फँटसी ४’ या दुसऱ्या आरपीजीतल्या बॉसचं. सगळ्यांना वार करणारी त्याची जादू थोपवता येत नाही, म्हणून आधी स्फटिक फोडावेत की थेट त्याच्यावर जावं, हा हिशेब करावा लागतो. नव्या आवृत्तीत कथा संपल्यावर सात बॉस पुन्हा, वाढीव ताकदीने भेटतात, शेवटी त्रिमितीतला क्युलेक्स. तिथे तुमची लेव्हल ३० झालेली असली तरी बचावाची वेळ चुकली की पार्टी कोसळते. गेज, साखळी, साथीदार बदलणं या नव्या सोयी तिथे खऱ्या अर्थाने लागतात. ही धार मुख्य कथेतही निम्मी तरी यायला हवी होती.

आरपीजी म्हणून खोली बेताची आहे. शस्त्र, चिलखत आणि एक दागिना, एवढ्या तीनच जागा. पुढच्या गावात येणारं शस्त्र जवळपास नेहमीच आधीच्यापेक्षा सरस, त्यामुळे निवड अशी उरत नाही. कथा १५ तासांच्या आसपास संपते. ज्यांना पात्रं घडवण्याचे शंभर मार्ग हवेत त्यांनी दुसरीकडे बघावं.

याच वाटेने पुढे गेलेल्यांशी ताडून पाहिलं की या गेमची किंमत कळते. २००० सालच्या ‘पेपर मारिओ’ने आकडे आणखी लहान केले आणि एकेका गुणाला वजन आणलं. मूळ गेमच्या दोन दिग्दर्शकांपैकी योशिहिको माएकावा यांनी पुढे २००३ मध्ये ‘मारिओ अँड लुइजी: सुपरस्टार सागा’ केला. त्यात ए बटण मारिओचं, बी बटण लुइजीचं, आणि शत्रूचा वार उडी मारून चुकवायचा. उडीचं इतकं चोख रूपांतर दुसरीकडे दिसत नाही. उलट उदाहरण ‘सॉनिक क्रॉनिकल्स’, बायोवेअर कंपनीने २००८ मध्ये निन्टेन्डो डीएस या हातातल्या यंत्रावर केलेला. सॉनिक म्हणजे वेग, आणि तिथे हल्ल्यांसाठी पडद्यावर काडीने टिंबं टिपायची आणि रेषा ओढायच्या. लढाया लांबतात, वेग उरतो तो पाठलागाच्या छोट्या तुकड्यांपुरता. आधीच्या मालिकेत हाताला जी सवय होती तिचा धागाच तुटतो.

खरेदीबद्दल. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही, त्यामुळे कार्ट्रिज आयात माल ठेवणाऱ्या दुकानातूनच मिळते. स्विचची कार्ट्रिज कुठल्याही देशाची चालते, तेव्हा स्वस्त पडेल ती घ्या, खेळून झाल्यावर विकताही येते. अमेरिकेत छापील किंमत ५९.९९ डॉलर आहे. डिजिटल घ्यायचा असेल तर खातं ज्या देशाचं, त्याच देशाचं ई-शॉप (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानाचं) कार्ड लागतं. टीव्हीवर खेळताना आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. नाहीतर चित्र उशिरा उमटतं, वेळ बरोबर साधूनही चुकल्यासारखी दिसते आणि दोष हाताला दिला जातो. शंका आली तर तीच लढाई हातातल्या पडद्यावर खेळून बघा, फरक लगेच कळतो. सुपर जंपची शंभरी तर हातातल्या पडद्यावरच करा.