सुलेमानिये मशिदीवरील मराठी अभ्यासवर्ग : एक अभिप्राय

इस्तंबूलच्या सहलीत सुलेमानिये मशिदीच्या वाट्याला बहुधा छायाचित्रे काढण्यापुरताच वेळ येतो. म्हणूनच पुण्यात कर्वे रस्त्याजवळील एका लहान सभागृहात शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या, या एकाच वास्तूला वाहिलेल्या अभ्यासवर्गाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. मार्गदर्शिका स्वतः वास्तुविशारद आहेत. इमारत उभी कशी राहते हे आधी सांगायचे आणि मग तिच्या सौंदर्याकडे वळायचे, ही त्यांची पद्धत मला मनापासून पटली.

इतिहास त्यांनी थोडक्यात आटोपला. ऑटोमन सुलतान सुलेमानच्या आज्ञेवरून त्याचा स्थपती मिमार सिनान याने १५५० मध्ये काम हाती घेतले आणि १५५७ मध्ये मशीद पूर्ण झाली. पुढे १६६० ची आग, १७६६ च्या भूकंपात घुमटाची झालेली पडझड आणि पहिल्या महायुद्धात अंगणातील शस्त्रसाठ्यामुळे लागलेली आग, असे आघात तिने सोसले. त्यामुळे आतील रंगकामाचा बराचसा भाग नंतरच्या दुरुस्त्यांमधला आहे, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

वर्गाचा खरा गाभा म्हणजे घुमट. व्यास सुमारे २६ मीटर, जमिनीपासून उंची सुमारे ५३ मीटर, आणि हे सारे ओझे चार प्रचंड खांबांवर. सहाव्या शतकात चर्च म्हणून बांधलेल्या इस्तंबूलमधील हागिया सोफियाप्रमाणेच इथेही मुख्य घुमटाच्या पुढे आणि मागे एकेक अर्धघुमट आहे. मार्गदर्शिकांनी फळ्यावर इमारतीचा छेद, म्हणजे ती मधोमध कापल्यास दिसेल तसे चित्र, काढला आणि घुमटाचा भार कमानींत, कमानींतून खांबांत आणि तिथून पायात कसा उतरतो, हे लाल खडूने रेघ ओढत दाखवले. पुढचा-मागचा रेटा अर्धघुमट पेलतात, पण उरलेल्या दोन बाजूंचे काय, असे एका श्रोत्याने विचारले, तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवून बाजूच्या भिंतीचे छायाचित्र लावले. तिथल्या जाडजूड आधारभिंती सिनानने अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर अशा भिंतीतच सामावून घेतल्या आणि बाहेरच्या अंगाला त्यांच्यामध्ये दुमजली सज्जे बांधले. पाहणाऱ्याला कमानींची सावलीदार ओळ दिसते आणि त्यामागचे अवजड बांधकाम जाणवतही नाही. विजापूरचा १६५६ चा गोल घुमट पाहिलेल्यांना यातला फरक चटकन कळावा: तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आणि जाड भिंती घुमट तोलतात, मध्ये एकही खांब नाही. ही तुलना वर्गात झाली नाही. पुण्यातल्या श्रोत्यांसाठी ती व्हायला हवी होती.

काजळीचा भागही तितकाच रंगला. शेकडो तेलाच्या दिव्यांचा धूर आतल्या हवेच्या प्रवाहाबरोबर मुख्य प्रवेशद्वारावरील एका खोलीत ओढला जाई आणि तिथे साठलेल्या काजळीपासून शाई केली जाई. भिंती काळवंडू नयेत याची तजवीज करताना लेखनिकांची सोय पाहणाऱ्या या स्थपतीविषयी मला फार आदर वाटला.

मशिदीभोवतीच्या संकुलाला मात्र न्याय मिळाला नाही. मदरसे, रुग्णालय, अन्नछत्र, हमाम आणि सुलतान व त्याची पत्नी हुर्रम यांच्या कबरी हे सारे अखेरच्या काही मिनिटांत उरकले गेले. वास्तविक मशीद ही या संकुलाचा केंद्रबिंदू असली तरी शहराचे रोजचे जीवन या इमारतींतून चाले, आणि संकुलाच्या कोपऱ्यावर १५८८ मध्ये निवर्तलेल्या सिनानची साधी कबर आहे, तिचा तर उल्लेखही झाला नाही. सभागृहाचे पडदे पातळ असल्याने सूर्यास्तापर्यंत चित्रे फिकी दिसत होती. मेहराबीभोवतीच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याभोवतीच्या, इझनिक गावच्या फरशांचे निळे-तांबडे रंग त्यामुळे मुळीच उठले नाहीत.

शुल्क माफक आहे आणि दिलेली छेदचित्रांची पुस्तिका जपून ठेवावी अशी आहे. इस्तंबूलला जाणाऱ्यांनी विमानाचे तिकीट काढल्यावर लगेच इथे नाव नोंदवावे. पुढचा वर्ग तुर्कस्तानातल्याच एदिर्ने शहरातील सेलिमिये मशिदीवर आहे. आठ खांबांवरचा ३१ मीटरहून अधिक व्यासाचा तिचा घुमट नीट दिसावा यासाठी आयोजकांनी तोवर जाड पडदे लावावेत, आणि संकुलासाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी.