सावलीत बारमाही फुलं देतो म्हणणाऱ्यापासून सावध

इमारत आणि कंपाउंड वॉल यांच्या मधल्या सात-आठ फुटी पट्ट्यात काही फुलत नाही, ही पुण्यातल्या तळमजलेवाल्यांची जुनी रड. या रडीवर आता काही जणांचा धंदा चाललाय. आमच्याकडून 18,500 रुपये घेऊन गेलेल्या माणसाच्या कार्डावर 'शेड गार्डन स्पेशालिस्ट' असं छापलेलं होतं. त्याचं नाव इथे लिहून उपयोग नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या सोसायटीत त्याने वेगळंच नाव सांगितलं होतं. पद्धत मात्र तीच, म्हणून पद्धत सांगते.

तो आला जानेवारीत. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन नुकतंच होऊन गेलेलं, त्यामुळे ज्याच्या त्याच्या डोक्यात फुलंच फुलं. आमचा पट्टा इमारतीच्या उत्तरेला आहे. सप्टेंबर संपला की तिथे थेट ऊन यायचं बंद होतं ते पार मार्च संपत येईपर्यंत. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन आत शिरतं, तेवढंच. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यावर म्हणाला, "काकू, ऊन नाही तेच बरं. आपले गुलाब खास शेड व्हरायटी आहेत. उन्हात लावलेत तर मरतील." ते मेले की मी उन्हाला दोष द्यावा, याची सोय त्याने पहिल्याच भेटीत करून ठेवली होती.

पॅकेजमध्ये दहा गुलाब, बारा पीस लिली, सहा अँथुरियम, दोन निळी ऑर्किड्स आणि वर किरकोळ झुडपं. अर्धे पैसे आधी, अर्धे लावणी झाल्यावर. वर्षाची गॅरंटी, मेलेलं रोप फुकट बदलून. बिल मागितलं तर म्हणे, "बिल घेतलंत तर सगळ्यावर 18 टक्के जीएसटी लागेल, उगाच तुमचाच तोटा." ही सरळ थाप. जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे. बागकामाच्या मजुरीवर लागतो, प्लास्टिकच्या कुंड्यांवर लागतो, रोपांवर नाही. पण हे किती जणांना माहीत असतं? पैसे यूपीआयने दिले तेव्हा स्क्रीनवर तिसरंच नाव आलं. ते म्हणे भावाचं खातं.

टेम्पो आला तो दिवेलागणीला. अंधारात दोन पोरांनी भराभर खड्डे घेतले, रोपं लावली, वर पांढरे गोटे पसरले. हा माणूस पोरांच्या मागे उभा राहून, "मुळं हलता कामा नयेत. महिनाभर कुणी हात लावायचा नाही," असं मला बजावत होता. मग मोठा दिवा लावून त्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले. पट्टा खरंच देखणा दिसत होता, सोसायटीतले लोक बघायला येत होते.

आधी गुलाबांची पानं गळली. मग फुलं मान टाकून बसली आणि हिरव्या फांद्या सुरकुतायला लागल्या. आमच्याकडे येणारे माळीबुवा दोनदा खाली वाकून बघून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी गोटे बाजूला सारले आणि एक गुलाब दोन बोटांत धरून वर घेतला. उदबत्तीच्या घरातून काडी निघावी तसा तो सुळकन बाहेर आला. खाली मूळ नावाला नाही. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, दिलेला स्वच्छ तिरका काप, टोक काळं पडलेलं. भोवती चिकणमातीचा मुठीएवढा गोळा, त्यावर गोणपाटाचा तुकडा आणि सुतळीचे दोन वेढे. कुठल्यातरी बागेतल्या फुलांनी भरलेल्या फांद्या छाटून मातीत खोचल्या होत्या. ओल्या मातीत अशी फांदी आठ-पंधरा दिवस टवटवीत दिसते. फुलदाणीतली दिसतेच की. दहाही गुलाब तसेच निघाले.

नर्सरीतला गुलाब बहुतेक डोळा भरलेला असतो. मातीच्या थोडं वर खोडाला गाठीसारखा फुगवटा दिसतो, तो कलमाचा जोड. आमच्या एकाही गुलाबाला तो नव्हता. आणि सावलीतला गुलाब नावाची काही जातच नसते. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन लागतंच, मग तो कुणीही विकू दे.

ऑर्किडची गोष्ट वेगळी, कारण ती रोपं जिवंत होती. उमललेली फुलं निळीशार. पण टोकाकडच्या कळ्या उघडत गेल्या तशी फिकट होत गेली आणि शेवटचं फूल जवळजवळ पांढरं निघालं. दांड्याच्या बुडाशी नीट पाहिलं तर टाचणीने टोचल्यासारखं भोक, त्यावर मेणाचा थेंब. फॅलेनॉप्सिस नावाच्या पांढऱ्या ऑर्किडच्या दांड्यात रंग सोडून ती निळी करतात, परदेशातही हे चालतं. पुढच्या वर्षीचा दांडा पांढरीच फुलं देणार. सांगून विकलं तर ज्याची त्याची आवड. पण 'दुर्मीळ निळी जात' म्हणून एकेकाचे 1,400 रुपये लावणं म्हणजे लूट.

पीस लिलीचं प्रकरण मला सगळ्यात कावेबाज वाटलं, कारण त्यात खोटं रोप कुठेच नाही. बाराही रोपांना एकदम फुलं होती, ती गेल्यावर एकही नवं फूल आलं नाही. पीस लिलीवर जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक फवारलं की दोन-तीन महिन्यांनी रोपं एकदम फुलावर येतात. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना हे 'जीए' नव्याने सांगायला नको. नर्सऱ्या बाजाराची तारीख धरून ते वापरतात, त्यात बेकायदा काही नाही. पण ते फुलणं औषधाचं, जागेचं नव्हे.

त्यात 'आमची रोपं शेडमध्येच वाढवलेली आहेत' हे वाक्य. तेही खरंच असतं! नर्सरीत रोपांवर 50 किंवा 75 टक्के ऊन अडवणारी जाळी, म्हणजे शेडनेट, असतं. उजेड लक्समध्ये मोजतात; भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स धरलं तर 75 टक्क्यांच्या नेटखालीसुद्धा पंचवीस हजार उरतात. आमच्या पट्ट्यात मोबाइलच्या ॲपवर भर दुपारी दोन हजारांच्या आसपास दिसतात. ॲप काही अगदी काटेकोर नसतं, पण फरक केवढा आहे ते कळायला पुरे. त्या नेटखाली धरलेल्या कळ्या आपल्याकडे येऊन उमलतात आणि आपण समजतो, जागा मानवली.

फोन केला तर पहिलं उत्तर, "काकू, तुम्ही पाणी जास्त घातलंत." मुळं नसलेल्या फांद्यांचे फोटो पाठवले तर, "सावलीत मुळं कुजतात, गॅरंटीत बसत नाही." सावलीसाठीच विकलेलं रोप सावलीत कुजलं म्हणून गॅरंटी नाही! त्यानंतर नंबर ब्लॉक.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील हवाच असं नाही, मुदत दोन वर्षांची. सगळं सोयीचं आहे; पण नोटीस पाठवायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो आणि आमच्याकडे होता एक मोबाइल नंबर आणि कुणाच्या तरी भावाचं खातं. पोलीस चौकीत यूपीआयच्या नोंदी, मेसेज आणि फांद्यांचे फोटो जोडून अर्ज दिलाय. पुढे काही हललेलं नाही.

तेव्हा कुणी दारात आलं तर लावणी दिवसाउजेडी करून घ्या आणि निदान एक रोप, आपण निवडलेलं, पिशवीतून काढून दाखवायला लावा. खरा नर्सरीवाला दोन बोटांत खोड धरून पिशवी उलटी करून दाखवतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. कळ्या लहानमोठ्या सगळ्या टप्प्यांवर आहेत का, ते बघा. सगळं एकाच दिवशी उमललेलं असेल तर विचारा. पैसे ज्याला द्याल त्याच्याच नावाची पावती घ्या, पत्त्यासकट. उरलेली अर्धी रक्कम महिन्याभराने देईन म्हणा. आमच्या शेजारच्या काकूंनी नेमकं एवढंच म्हटलं, तर तो त्यांच्याकडे फिरकलाच नाही.

माळीबुवांनी आता तिथे केन बिगोनिया आणि टोरेनिया लावलंय. नळापाशी ओल असते आणि पहाटेचं थोडं ऊन येतं, तिथे सोनटक्का. फुटबॉल लिलीचे कंदही पुरलेत, तिचा लाल गोळा मे-जूनमध्ये येतो आणि वर्षातून एकदाच येतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. अँथुरियम जगलीत, फुलं नाहीत. बारमाही वगैरे शब्द माळीबुवा वापरत नाहीत, आणि त्यांचं सगळं मिळून बिल दोन हजारांच्या आत आलं.

तो माणूस मात्र अजून फिरतोय. कोथरूडला राहणाऱ्या मैत्रिणीला त्याने गेल्या आठवड्यात कामाचा नमुना म्हणून फोटो पाठवले, ते आमच्याच पट्ट्याचे आहेत, लावणीच्या रात्रीचे. तुम्हाला कुणी दाखवलेच तर ओळखायला सोपे आहेत: करडी भिंत, तिच्यावरून गेलेला पिवळा ड्रेनेज पाइप, डाव्या कोपऱ्यात पाण्याच्या मीटरची निळी पेटी आणि समोर फुलांनी भरलेले दहा गुलाब.