'स्यामीज' सांगून गळ्यात मारलेला चायनीज

इंदुरात आफ्रिकन सिक्लिड (आफ्रिकेतल्या सरोवरांतले रंगीत मासे) पाळणाऱ्यांनी, त्यातही ज्यांची टाकी नवी आहे त्यांनी, हे जरूर वाचावं. ज्या युक्तीने एका दुकानदाराने मला गंडवलं, तिला कोणीही सहज बळी पडेल.

चार फुटी टाकी, त्यात मलावी सरोवरातले यलो लॅब आणि इतर म्बुना (खडकांत राहणारे सिक्लिड). दगडांवर शेवाळ साठू लागलं. खरं तर म्बुना स्वतःच दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे, पण काच काही ते साफ करत नाहीत. दुकानदार म्हणाला, "भिया, असली स्यामीज ले जाओ, अफ्रीकन के साथ एकदम सेट है." स्यामीज म्हणजे स्यामीज अल्गी ईटर, शेवाळ खाणारा मासा. भाव साध्या सकरच्या, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणाऱ्या नेहमीच्या माशाच्या, चौपट. दुकानातल्या टाकीवर चिठ्ठीही 'स्यामीज'चीच होती.

दिला तो वेगळाच मासा, चायनीज अल्गी ईटर. यातली मेख अशी की हा मासा लहानपणी शेवाळ मन लावून खातो. काच लखलखीत होते, आपण खूश होऊन दुकानदाराचं नाव चार जणांना सांगतो. मासा वाढला की शेवाळातला त्याचा रस कमी होतो आणि तो चपट्या अंगाच्या माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडू लागतो. माझ्या यलो लॅबच्या कुशीवर पांढुरके चट्टे दिसले. फोटो घेऊन त्याच दुकानात गेलो, तर निदान तयार: "फंगस है." मिथिलीन ब्लू (बुरशीवरचं औषध) घ्या, मग दुसरी बाटली, मग तिसरी. माशाचे पैसे गेले त्यापेक्षा मला या बाटल्यांचा राग जास्त आहे. कारण मिथिलीन ब्लू फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं, पाण्यात अमोनिया साठतो, आणि सिक्लिडसाठी आपण मुद्दाम आठच्या वर ठेवलेल्या पीएचला तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी ठरतो. जे चट्ट्यांनी मेले नसते ते औषधाने मेले.

एका रात्री दिवे घालवून टॉर्च मारला, तेव्हा साहेब एका लॅबच्या पाठीला चिकटलेले सापडले.

ओळखायची खूण दुकानातच तपासता येते. चायनीजचं तोंड सकरसारखं असतं, तो काचेला घट्ट चिकटून राहतो. खरा स्यामीज चिकटत नाही. टेकून बसतो, चरत फिरतो, आणि त्याचा काळा पट्टा थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो. सोनेरी रंगाचा 'गोल्डन' म्हणून विकतात तोही चायनीजच. आणि खरा मिळाला तरी मलावीच्या कठीण, अल्कधर्मी पाण्यात तो काही पहिली पसंती नव्हे. तिथे ब्रिसलनोज (मिशाळ, छोटा सकर) बरा, दगडांत लपायला जागा असेल तर म्बुनांचा मार चुकवून राहतो. शेवाळ खाणारा इवलासा ओटो मासा मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी नको, म्बुना त्याला जगू देत नाहीत.

ब्रिसलनोजमध्येही हेराफेरी होते. पिल्लांना मिशा नसतात, त्यामुळे फूटभराहून मोठा होणारा साधा सकर त्याच नावाने खपवतात. पाठीवरचा पर बघा. शिडासारखा उंच आणि त्यात नऊ किंवा अधिक काड्या असतील तर तो साधा सकर. ब्रिसलनोजच्या परात पुढच्या काट्यामागे साधारण सातच असतात.

पैसे परत मागितले तर उत्तर मिळालं, "जिंदा माल की गारंटी कौन देता है भिया? सिरपुर तालाब में छोड़ दो." 2022 पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) असलेल्या तलावात परका मासा सोडायचा हा सल्ला, तोही मासे विकून पोट भरणाऱ्याचा! चायनीज आता वेगळ्या टाकीत एकटा आहे.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करायचा विचार होता, पण हातातल्या बिलावर नुसतं 'फिश' लिहिलेलं. तेव्हा माशाचं पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या आणि टाकीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढा. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला तर मासा तिथेच राहू द्या.