रणाआधीचा समुद्र : द्वारकेला थांबावे की मांडवीला?

कापसाची दुसरी वेचणी उरकलेली असते आणि तूर अजून कापणीला आलेली नसते, अशा हिवाळ्यातल्या आठ-नऊ मोकळ्या दिवसांत कच्छचे पांढरे रण, म्हणजे मिठाचे सपाट मैदान, पाहून यावे, असा बेत आर्वी-धामणगाव भागातल्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत आता होऊ लागला आहे. एवढ्या लांब जातोच आहोत तर रणाआधी समुद्रकाठच्या गावी दोन दिवस काढावेत, हेही ओघाने ठरते, कारण आमच्याकडच्या कित्येकांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नसतो. प्रश्न असतो तो गावाचा. वडीलधारी मंडळी द्वारकेचा आग्रह धरतात, तरुण मंडळींना मांडवी हवी असते. मी कुटुंबासह एकदा द्वारकेवरून आणि एकदा मांडवीवरून रणात गेले आहे, म्हणून दोन्ही वाटांचे सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी नकाशाबद्दल सांगायला हवे, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली. कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठाला द्वारका आणि ओखा आहेत, उत्तर काठाला मांडवी आहे, आणि कागदावर ही गावे बोटभर अंतरावर समोरासमोर दिसतात. प्रत्यक्षात मध्ये समुद्र आहे. द्वारकेहून भुजला जायचे तर जामनगर, मोरबी आणि सूरजबारीचा पूल असा आखाताला पूर्ण वळसा घालावा लागतो. हे अंतर सुमारे 400 किलोमीटर भरते आणि धोरडोचे पांढरे रण भुजच्याही पुढे 80 किलोमीटरच्या वर आहे. मांडवीहून भुज मात्र साधारण 60 किलोमीटर, म्हणजे न्याहारी करून निघालेला माणूस दुपारी जेवायला भुजमध्ये असतो.

आम्ही पहिल्या वेळी द्वारकेहून पहाटे भाड्याच्या गाडीने निघालो आणि भुजला रात्री पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या पायांना सूज होती, त्यामुळे निघायला उशीर झाला आणि रणात पाय ठेवला तेव्हा सूर्य बुडून गेला होता. ज्यासाठी एवढा प्रवास केला ते मिठावर उतरणारे संध्याकाळचे रंग आम्हाला मिळाले नाहीत, याची हळहळ मला आजही आहे.

म्हणून द्वारका कमी आहे असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. चार धामांपैकी एक असलेले, 72 खांबांवर उभे असलेले पाच मजली द्वारकाधीश मंदिर, त्याच्या शिखरावरचा 52 गजांचा ध्वज, स्वर्गद्वारातून 56 पायऱ्या उतरून लागणारा गोमती घाट आणि तिथेच समुद्राला मिळणारी गोमती, हे सारे भाविकाच्या मनाला भरून टाकणारे आहे. 25 फेब्रुवारी 2024 रोजी सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून बेट द्वारकेला नावेने जाण्याची गरज उरलेली नाही आणि ज्यांना पाण्याची भीती वाटते अशा वृद्धांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. नागेश्वर ज्योतिर्लिंगही जवळच आहे. शिवाय वैदर्भीय माणसासाठी तिथे आणखी एक ओढ आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण ज्या कौंडण्यपूरला नमस्कार करतो, ते अमरावती जिल्ह्यात, आमच्या आर्वीच्या पलीकडच्या काठावर वर्धा नदीशी आहे. आणि द्वारकेत तिचे देऊळ गावाबाहेर, नवऱ्याच्या मंदिरापासून वेगळे उभे आहे. दुर्वासांच्या शापाने तिला दूर राहावे लागले आणि भोवतालचे पाणी आटले, अशी कथा तिथे सांगतात, म्हणून त्या देवळात पाण्याचे दान करण्याची रीत आहे. सासूबाई तिथे बराच वेळ बसून होत्या. “लेकीच्या सासरी आलो, तं पाणी देल्याबिगर कसं जाव?” एवढेच त्या म्हणाल्या. हा अनुभव मांडवी देऊ शकत नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

पण द्वारकेचा दिवस देवळाच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. दुपारी मंदिर बंद, संध्याकाळी पुन्हा रांग, मधल्या वेळात आसपासची देवस्थाने. यात समुद्राकडे शांतपणे बघणे राहूनच जाते. शिवराजपूरचा स्वच्छ किनारा बारा-तेरा किलोमीटरवर आहे, तरी आमचे तिथे जाणे झाले नाही.

मांडवीत दिवस मोकळा असतो. राव खेंगारजी पहिले यांनी सोळाव्या शतकात वसवलेले हे बंदर रुक्मावती नदीच्या मुखाशी आहे आणि नदीच्या काठावर आजही लाकडी जहाजे बांधली जातात. आपल्या गावचा सुतार बैलगाडीचे चाक जसे नजरेने जोखतो, तशाच नजरेने तिथले कारागीर दोन-तीन मजली घराएवढ्या उंच सांगाड्याची फळी न् फळी बसवतात. एक जहाज पूर्ण व्हायला वर्षानुवर्षे लागतात. माझे सासरे एरवी कुठेही पाच मिनिटांच्या वर उभे राहत नाहीत. त्या काठावर त्यांनी अख्खी सकाळ घालवली. 1929 च्या सुमारास पूर्ण झालेला विजय विलास राजवाडा पाहण्यासारखा आहेच, पण मराठी माणसाने श्यामजी कृष्ण वर्मा यांचे स्मारक चुकवू नये. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीवरून सावरकरांना ज्यांच्यामार्फत शिवाजी शिष्यवृत्ती मिळाली, ते श्यामजी 1857 साली याच गावात जन्मले. लंडनमधील त्यांच्या इंडिया हाऊसची हुबेहूब वास्तू येथे उभारली असून जिनिव्हाहून 2003 मध्ये आणलेल्या त्यांच्या अस्थी तिथे ठेवल्या आहेत. मुलांना मात्र सर्वाधिक आनंद झाला तो आपल्याकडे गाडीवर मिळणाऱ्या दाबेलीचे मूळ गाव हेच, हे कळल्याचा.

मांडवीच्या बाजूने माझे मत झुकते त्याचे खरे कारण वेगळे आहे. कच्छचे रण हे वाळूचे वाळवंट नव्हे. तो आटलेल्या समुद्राचा तळ आहे. पावसाळ्यात खाड्यांतून आत ढकललेले समुद्राचे पाणी आणि नद्यांचे पाणी त्या सपाट जमिनीवर पसरते आणि पाऊस सरल्यावर उन्हाने आटून मागे मीठ उरते. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला जमिनीवर फुललेली पांढरी खार ओळखीची असते. तेच दृश्य क्षितिजापर्यंत पसरले तर कसे दिसेल, ते रणात दिसते. मांडवीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी पाहिलेली, ओठांवर खारे वारे लागलेले असे दोन दिवस गेले, की तिसऱ्या दिवशी रणात उभे राहिल्यावर हे सगळे कधी काळी पाणी होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. द्वारकेहूनही समुद्र दिसतो, पण मधल्या 400 किलोमीटरच्या थकव्यात ही संगती तुटून जाते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. नागपूर-बडनेरा-अकोला मार्गे ओखा आणि गांधीधाम या दोन्ही बाजूंना ठरावीक वारी गाड्या आहेत. द्वारकेला रेल्वेस्थानक आहे, मांडवीला नाही. गांधीधाम किंवा भुजला उतरून रस्त्याने जावे लागते. द्वारकेत धर्मशाळा आणि भोजनालये भरपूर असल्याने मोठ्या कुटुंबाचा राहण्याचा खर्च आटोक्यात राहतो. चांदण्यातले रण पाहायचे तर पौर्णिमा गाठावी लागते, पण तेव्हा धोरडोचे तंबू महाग असतात, त्याऐवजी होडकासारख्या गावातील भुंग्यात, म्हणजे मातीच्या गोल घरात, मुक्काम करावा. रणासाठी परवाना लागतो, म्हणून प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असावे. पाऊस लांबला तर डिसेंबरच्या आरंभी रणात पाणी साचलेले असू शकते; पौष किंवा माघ पौर्णिमा त्या मानाने खात्रीची. रात्री थंडी आपल्या शेतातल्या जागलीसारखीच बोचते, तेव्हा घोंगडी-शाली न्याव्यात, आणि भाजी गोडसर लागत असेल त्यांनी जवसाची चटणी न्यावी.

हाताशी सहा-सात दिवस असतील आणि मन रणावर असेल, तर माझा सल्ला निःसंशय मांडवीचा आहे. घरात द्वारकेची आस लागलेले कोणी असेल आणि दिवस दहा असतील, तर क्रम उलटा करावा: आधी मांडवी, मग भुज आणि रण, त्यानंतर वाटेत जामनगरला एक मुक्काम करून द्वारका, आणि तिथूनच परतीची गाडी. वळसा तेवढाच पडतो, पण पुढे कुठे वेळेवर पोहोचायचे नसते. यंदा आम्ही असेच निघणार आहोत. सासूबाईंनी कौंडण्यपूरच्या घाटावरून वर्धेचे पाणी एका बाटलीत आतापासूनच भरून देवघरात ठेवले आहे.